आढ्याची कणसं

तोंडावर मी नवऱ्याला अहो-जाहो करते. सांगताना मात्र आज अरे-तुरेच करणार. राधाकिसनने जे केलं, त्यानंतर मान द्यायला माझी जीभ वळत नाही.

जालन्यात एका रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर तो पाणी भरायला होता. तिथला खानसामा साहेबासाठी धान्याची बियर घरीच करायचा. झालं, याच्या डोक्यात खूळ शिरलं. दसऱ्याला भावकीला आपल्या हातची बियर पाजायची! ज्याला कढी फुटू न देता उकळता येत नाही, तो बियर करणार होता.

खानसाम्याने त्याला सांगितलं होतं, काळी असते, तांबडी असते, फिकी असते. काळीला धान्य भाजावं लागतं, जरा जळलं की कडू. नवशिक्याने फिकी करावी. मोड आणायचे, उन्हात वाळवायचे, भरडून गरम पाण्यात मुरवायचं, गाळून उकळायचं आणि गार झालं की शिंदीच्या दारूचा गाळ घालून आंबवायचं.

मी आष्टीला बहिणीच्या बाळंतपणाला गेले आणि याने पेवातली ज्वारी उपसून भिजवली. तिला मोड आलेच नाहीत, कुजून वास मात्र सुटला. पेवात, जमिनीच्या पोटातल्या उबेत, दाण्याचा कोंब मरतो. तो दाणा खायला चालतो, पेरायला नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मून हे याला ठाऊक नसावं? होतं की, पण वास सुटल्यावर आठवलं. म्हणून तर त्याने मान वर केली.

वर आढ्याला माझ्या आईची कणसं टांगलेली होती. आई दरवर्षी उभ्या पिकात हिंडून बियाण्यासाठी भरलेली कणसं निवडायची. ती गेली, माहेरचं शेत दुसऱ्याचं झालं. तिची ज्वारी आता फक्त माझ्या घरात उरली होती, आणि पेरणी तोंडावर आली होती.

मी परतले तर आढं रिकामं. कोपऱ्यात घागर फसफसत होती. शेजारी ओल्या घोंगडीखाली काहीतरी झाकलेलं.

"कणसं कुठं हायेत?"

"अगं, सगळ्यात सोपी बियर निवडली म्या. पेवातल्या ज्वारीला मोड येईनात, मंग..."

"मंग माझ्या आईची घेतली?"

"ज्वारीच हाय ना! दुसरं बियाणं आणू की बाजारातून."

ती घागर त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. मी घोंगडी उचलली. निम्मं बियाणं घागरीत गेलं होतं. उरलेलं त्याने मागाहून भिजवलं होतं, त्याला नुकतंच पांढरं टोक फुटलं होतं. हे उन्हात वाळलं असतं की मेलं असतं. ओल्या रानात आजच गेलं तर वाचणार होतं.

"उठा. शेतात चला."

"थांब, पाभर जुंपतो."

"पाभरीनं कोंब मोडतील. हातानं लावायचं. एकेक दाणा."

"एकेक? कंबर मोडंल माझी!"

"मोडू द्या."

भर उन्हात तो वाकून दाणे लावत होता आणि मी मागे उभी राहून खेकसत होते. खोल घालू नका, कोंब दाबू नका, पाय कुठं देऊन राह्यलात! बांधावरून चाललेल्या कारभारीमामांनी विचारलं, "का रं, पाभर मोडली का?"

याने मान आणखी खाली घातली. मीच ओरडले, "न्हाई मामा, बियर करून राह्यलेत!"

दिवस मावळताना घरी आलो. तो भिंतीला टेकला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लई शिणलो गं. घोटभर घेऊ का?"

मी घागरीतून पेला भरला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या. निम्मी माझी आई ह्यात हाय."

त्याने पेला ओठापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. मग ओतून द्यायला उठला.

"ओतायचं न्हाई," मी म्हटलं. "ऱ्हाऊ द्या समोर."