जुलैतली टर्की

टर्की ओव्हनमध्ये गेली तेव्हा बाहेर इतकं ऊन होतं की तळ्यावरची बदकंसुद्धा झाडाखाली येऊन बसली होती. मी दोन्ही पंखे ओव्हनकडे तोंड करून लावले आणि उगाचच चौथ्यांदा टेबलावरचे काटे-चमचे सरळ केले. एरवी मी अशी नाही. तळ्याचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर नमुने हाताळते, एकदा ठेवलेली बाटली पुन्हा हलवत नाही.

समोरच्या घरात राहणारी आर्डिस पुढच्या आठवड्यात कायमची ॲरिझोनाला, लेकीकडे जाणार होती. आमचा थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरातला टर्कीच्या जेवणाचा सण, आजवर तिच्याच घरी झाला. तिचा एक नेम होता. टर्कीच्या छातीतलं दोन फाट्यांचं हाड ती त्याच दिवशी मोडू देत नसे. ते वर्षभर स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळायचं आणि पुढच्या थँक्सगिव्हिंगला, जेवायला बसण्याआधी, ती आणि ज्याची पाळी असेल तो एकेक टोक धरून ओढायचे. लांब तुकडा ज्याच्या हाती, त्याची इच्छा पुरी. यंदा पाळी माझी होती. आणि यंदाच्या नोव्हेंबरात ती इथे नसणार होती.

म्हणून मी जुलैतच थँक्सगिव्हिंग करायचं ठरवलं. आर्डिसला सांगितलं तर ती म्हणाली, "जुलैत? मग ऑगस्टमध्ये नाताळचं झाडही लावून टाक! जेवायला येईन गं, थीया. पण हाड खिडकीतच राहील. त्याचा दिवस नोव्हेंबरात."

दुकानातल्या माणसानं फ्रीजरच्या तळातून टर्की उपसून काढली आणि विचारलं, "बाई, तुमचं कॅलेंडर फाटलंय का?"

पहिला आला डेल्बर्ट, आमचा निवृत्त पोस्टमन. अंगात जाड लोकरी स्वेटर, त्यावर शिंगवालं हरीण.

"डेल्बर्ट, अरे घाम बघ!"

"थँक्सगिव्हिंगला मी हाच घालतो," कपाळ पुसत तो म्हणाला. "आणि सणाला बघतो तशी फुटबॉलची मॅच आणलीये, जुनी, रेकॉर्ड केलेली. निकाल कुणी सांगायचा नाही. मी विसरलोय."

मागोमाग आर्डिस आली. बिनबाह्यांचा फुलाफुलांचा झगा, हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं. उन्हाळ्याच्या सहलीला नेतात ते सॅलड. हा टोमणा होता, मला कळला. बसल्यावर पर्स तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवली.

"छान वास येतोय," ती म्हणाली, "जेवणाचा." सणाचा नव्हे.

क्रॅनबेरीची घट्ट जेली डब्यातून काढली, डब्याच्या वळ्यांसकट ती बशीत थरथरत उभी राहिली. बटाटे घोटले, ग्रेव्ही गाळली. टर्कीत थर्मामीटर खुपसला, आकडा अगदी हवा तो. आता मात्र मला खात्री वाटायला लागली. एवढं सगळं बिनचूक असताना हाड मोडायला ती नाही कशी म्हणेल?

टर्की टेबलावर ठेवून मी मानेकडच्या बाजूनं सुरी घातली. सुरी कशात तरी अडली. ओढलं तर बाहेर आली कागदी पिशवी, दुकानातून टर्कीच्या आत भरून येते आणि भाजण्याआधी काढायची असते ती. आतमध्ये टर्कीची मान, हृदय आणि कलेजी, छान भाजलेली. मी पोटाकडची पोकळी नीट तपासली होती. मानेकडे बघायचं सुचलंच नव्हतं.

माझे कान तापले.

"पार्सल आलंय," डेल्बर्ट म्हणाला. "सही कोण करतंय?"

आर्डिसच्या तोंडून आधी बारीक किंकाळीसारखा आवाज निघाला, मग ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलावर थापा मारत.

"अगं, माझ्या पहिल्या टर्कीत हेच! सासूच्या समोर! तिनं दरवर्षी सगळ्यांना ऐकवलं, मरेपर्यंत!" तिनं झग्याच्या कडेनं डोळे पुसले. "थीया, तू इतकी नेटकी. मला वाटलं होतं, प्रयोगशाळेतलं जेवण जेवायला लागणार. पण पिशवी विसरली म्हणजे हा खरा थँक्सगिव्हिंग."

तिनं पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेलं, पिवळं पडलेलं हाड होतं.

"म्हणजे तू आणलं होतंस?"

"आणलं होतं. काढणार नव्हते. धर आता, बडबड नको."

मी माझं टोक करंगळीत अडकवलं. डेल्बर्टनं एक, दोन म्हटलं, आणि तीनच्या आधीच हाड कट्कन मोडलं. लांब तुकडा आर्डिसच्या हातात.

"लबाडी!" मी ओरडले. मी, ओरडले.

"लबाडी कसली, सराव." ती तुकडा न्याहाळत राहिली. मग आजच्या टर्कीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिचं हाड नीट सोडव. धुऊन तुझ्या खिडकीत ठेव. नोव्हेंबरात कुणी हात लावायचा नाही."

"मग कधी मोडायचं?"

"पुढच्या जुलैत. मी येईन तेव्हा. ॲरिझोनात उन्हाळा सोसत बसणार आहे का मी?"

"जुलैतच?" डेल्बर्टनं स्वेटरची मान ताणून वारा घेतला. "मग मला दुसरं हरीण शोधावं लागेल. सुती."

मी सुरी उचलली आणि हाड सोडवायला घेतलं, अगदी हळू, कुठेही चीर जाऊ न देता.