दाराजवळचं स्टूल

"श्रद्धा, ज्याची ॲडमिशन, त्यालाच दाराशी बसवतेस? उद्या पोर उठून गेलं तर कळायचंही नाही हो तुम्हाला!"

चंद्रभागाबाई असं म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या सूनबाई हसल्या. "आई, हातात मोबाइल असला की मुलं जागची हलत नाहीत."

मित्रांनो, ते दारातलं आसन म्हणजे मीच. मी एक जुनं सागवानी स्टूल आहे. बिबवेवाडीतल्या या घराचं जेवणाचं टेबल घडवून जे लाकूड उरलं, त्यातून सुताराने मला केलं. सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. माळ्यावरचा आकाशकंदील काढायचा तर मी, पंखा पुसायचा तर मी.

पुढे श्रद्धाताई बाहेरच्या खोलीत बारावीच्या मुलांना कॉलेजप्रवेशाचा सल्ला देऊ लागल्या. ताई अभ्यासू. कॉलेज स्वतः पाहून आल्याशिवाय त्याचं नाव घेत नसत. त्यांनी टेबलासमोर दोन गुबगुबीत खुर्च्या मांडल्या, आईबाबांसाठी. तिसरी मावेना, म्हणून मुलांसाठी दाराजवळ मी.

"आम्ही यंदा बारावी दिली, मॅडम. आम्हाला गणित फार आवडतं," असं खुर्च्या म्हणायच्या. गणिताला घाबरणारा मुलगा तेव्हा माझ्या दांडीवर टाच आपटत असायचा. कुणी नखाने माझं पॉलिश खरवडायचं. माझ्याखेरीज ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी चैताली आली. वडील हिंमतराव, मार्केट यार्डात कांद्याचे आडते. आई कौशल्याबाई.

"कॉम्प्युटरच! दुसरं नाव काढू नका," हिंमतराव बसता बसताच म्हणाले.

"चैतालीला काय वाटतं?" ताईंनी विचारलं.

"तिला काय वाटायचंय? लाजते ती," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मला एक सांगायचंय," चैताली पुटपुटली. ते फक्त मी ऐकलं. मग ती जरा मोठ्याने म्हणाली, "आई, मला एक सांगायचंय."

"थांब गं, मॅडम कटऑफ दाखवतायत," मागे न बघताच आई म्हणाली.

तिघांची डोकी स्क्रीनवर वाकली होती. आणि माझ्यावरचं ओझं हललं. हलकं झालं. नाहीसं झालं! मित्रांनो, मला चार पाय आहेत, पण हाक मारायला तोंड नाही. असा हतबल मी कधी झालो नव्हतो.

"मग चैताली, पक्कं ना?" ताईंनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

चैतालीच्या चपला दारातच होत्या. म्हणून सगळ्यांनी घरातच शोधलं. स्वयंपाकघर, बाथरूम, गॅलरी. कुठेच नाही. दाराशी बाहुली घेऊन बसलेल्या आपल्या चार वर्षांच्या लेकीला, आनंदीला, ताईंनी विचारलं, "ताई दिसली का गं?"

"ती वर गेली. रडत."

वर म्हणजे गच्ची. पाचव्या मजल्याच्याही वर. ताईंनी आनंदीला एकदा घट्ट छातीशी धरलं, कौशल्याबाईंच्या हातात दिलं आणि त्या धावत सुटल्या. मागोमाग हिंमतराव. कौशल्याबाई आनंदीला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. स्क्रीनवरचे आकडे मात्र तसेच झळकत होते.

मग जिन्यात पावलं वाजली. पुढे चंद्रभागाबाई, त्यांच्या हातात चैतालीचा हात. बाई कुरडया उलटायला वर गेल्या होत्या. "टाकीच्या सावलीला बसली होती. तळवे भाजलेत पोरीचे. आधी पाणी आणा. प्रश्न मग विचारा."

ताईंनी तिला गुबगुबीत खुर्चीत बसवलं. हिंमतरावांनी मला ओढलं आणि ते माझ्यावर बसले. एरवी त्यांच्या आवाजाने गाळा दणाणतो म्हणे. आता ते माझ्या कडेवर पुढे सरकून तिच्याकडे वाकले.

"बोल बाळा," ते म्हणाले. "आम्ही ऐकतोय."

चैताली खूप वेळ बोलली. काय बोलली, ते तिचं आहे. मी सांगणार नाही. त्यात कॉम्प्युटर मात्र कुठे नव्हता.

त्या दिवसापासून ताईंच्या टेबलासमोरची पहिली खुर्ची मुलांची झाली. मी आता बेसिनपाशी असतो. आनंदी माझ्यावर उभी राहून दात घासते. मधूनच ताई येतात, उगाचच तिच्या पाठीला हात लावतात आणि जातात.

मित्रांनो, मला नवं पॉलिश नको. एवढंच करा. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी हल्ली गप्प गप्प असतं का? दारात चपला दिसल्या म्हणजे माणूस घरात असतोच असं नाही. हे वाचून झालं ना? मग उठा, आणि त्याला एकदा बघून या.