वन्संची नाडी

आमच्या वन्संना कुणी काही सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं, असं या चेजू बेटावर आजवर घडलेलं नाही. मालसुन त्यांचं नाव, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सत्तरीला टेकल्या, पण पाण्यात उतरल्या की तरण्या बायकांना लाजवायच्या. आम्ही गावच्या बायका श्वास कोंडून समुद्राच्या तळाशी जातो आणि शंख-शिंपले काढून आणतो. त्यांतही खोल पाण्याला जाणाऱ्या मोजक्या, आणि त्यांत पहिला मान वन्संचा. कपडे बदलायच्या खोलीत शेगडीलगतची जागा त्यांची. आज उतरायचं की नाही, हे त्यांनी आभाळाकडे बघून सांगायचं. म्हातारपणी दम उरला नाही, की किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात सरकायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. ते पाणी म्हाताऱ्यांसाठीच राखलेलं, तरण्यांनी तिथं हात घालायचा नाही. रीत चांगलीच आहे. पण वन्सं त्या पाण्याला ‘बदकांचं तळं’ म्हणायच्या.

यंदा उन्हाळ्यात तपासणीला मी त्यांना ओढतच नेलं. डॉक्टरांनी नाडी मोजली, मग बराच वेळ नुसतं पडून राहायला सांगून परत मोजली. एकशे आठ. पडल्या पडल्या!

“आजी, पळत आलात का?”

“बसनं आले.”

“दिवसाला कॉफी किती?”

वन्सं भिंतीकडे बघायला लागल्या. मग मीच सगळं ओकले. उठल्याबरोबर कॉफी, बंदरावर कॉफी, जेवणावर कॉफी. रात्री सोजू दारूचे पेले, त्याशिवाय डोळा लागत नाही. आणि पाण्यात उतरायच्या आधी डोकेदुखीची पुडी, तीही रिकाम्या पोटी.

पुडी ऐकल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. तळाशी गेलं की डोकं ठणकतं, कान घुमतात, म्हणून उतरायच्या आधी पुडी तोंडात टाकायची. आई घ्यायची म्हणून लेक घेते. त्या पुडीत कॉफीतलंच उत्तेजक असतं, हे आम्हाला कुठलं ठाऊक!

“तुमचं हृदय बसल्या जागी धावतंय,” डॉक्टर म्हणाले, “आणि त्याला घेऊन तुम्ही श्वास कोंडून खाली जाता. कॉफी, पुडी, दारू कमी करत करत बंद करा. हृदयाची पूर्ण तपासणी होईपर्यंत खोल पाणी नाही. नाहीतर आजी, एक दिवस तुम्ही वर येणार नाही.”

बसमध्ये वन्संचं तोंड सुटलं. “त्याच्या ओठावरचं दूध सुकलं नाही अजून. हा मला पाणी शिकवणार!”

“पाणी नव्हता शिकवत. हृदयाचं सांगत होता.”

“माझं हृदय माझ्यापाशी आहे, त्याच्यापाशी नाही.”

त्यांची मुलगी ह्येजिन समुद्रापलीकडे पुसान शहरात असते. तिचा फोन आला, “मामी, आईनं ऐकलंच तर तुमचं ऐकेल.” आता या पोरीला कोण सांगणार, की तिची आई तिच्या बापाचंसुद्धा ऐकत नव्हती.

पण आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं. घाबरल्या होत्या, दुसरं काय! शंख काढायला उन्हाळाभर बंदी असते, त्यामुळे खोल पाण्याचा प्रश्नही नव्हता. कॉफी सोडली, तशी डोक्याला फडकं बांधून दिवसचे दिवस पडून राहिल्या आणि मला शिव्या घातल्या. मी सातूचा चहा करून नेत राहिले. हळूहळू डोकं दुखायचं थांबलं. सोजूवाचून झोप लागायला लागली, तोंडावर तेज आलं, नाडीही खाली आली. मला वाटलं, सुटलो बाई!

हृदयाच्या तपासणीची तारीख मिळाली, ती नेमकी शंखांची बंदी उठल्यानंतरची. चारच दिवस पुढची. तेवढे दिवस वन्संनी घरी बसावं म्हणून मी त्यांना हात जोडले. पण बंदी उठायच्या सकाळी बघते तर बाई रबरी पोशाखात शेगडीजवळ हजर.

“मालसुनताई, आज बदकांच्या तळ्यात ना?” योंगसुक म्हणाली. खोल पाण्याचा मान वन्संनंतर तिचा. “जा खुशाल. तुमची जागा मी गरम ठेवते हं.”

थट्टाच होती. सगळ्या खिदळल्या. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पुडी काढून तोंडात रिकामी केली, आणि त्यावर सोनेरी वर्खाची काळी गोळी चघळायला घेतली. ही वैद्याची गोळी आमच्याकडे जीव घाबरा झाला की घेतात. परीक्षेला बसणारी पोरं घेतात, मयताघरची माणसं घेतात.

“वन्सं, हे काय?”

“पुडीनं धावेल, गोळीनं बसेल. फिट्टंफाट.”

“घोड्याला चाबूकही मारायचा आणि लगामही ओढायचा? मरेल की हो तो!”

“शुभ बोल गं, मेले. छाती बघ, गाईसारखी गप आहे.”

“चार दिवसांनी तपासणी आहे. तोवर उथळ पाण्यात चला. मी येते तुमच्याबरोबर.”

त्यांनी माझा हात धरून मला दाराशी नेलं आणि आवाज खाली आणला. “सुनोक, नवरा गेला, लेक तिकडं. खाली गेले की मी मालसुन असते. वर नुसती म्हातारी. मला आज जाऊ दे.”

मी रागारागानं पोशाख चढवला आणि त्यांच्या मागोमाग पाण्यात उतरले.

वर आलं की कोंडलेला श्वास आम्ही शीळ घालत सोडतो. प्रत्येकीची शीळ वेगळी. त्या दिवशी मी माझ्या शंखांकडे कमी आणि वन्संच्या शिळेकडे जास्त लक्ष देत होते. शीळ वाजत होती, जाळी भरत होती, आणि एकदा तर मला जाळी उचलून दाखवून हसल्यासुद्धा. मग त्यांचा तरंगता भोपळा, ज्याला जाळी टांगतो आणि ज्याला धरून दम घेतो, तो एकटाच हलत राहिला. मी वाट बघितली. ओरडले. खाली गेले.

वन्सं तळाशी खडकाला टेकून होत्या. मी आणि योंगसुकनं त्यांना वर आणलं, कातळावर निजवलं. योंगसुक रडत छाती दाबत होती, “ताई, जागा तुमचीच, ताई, उठा,” असं काहीबाही बडबडत होती. मी वन्संचं मनगट घट्ट धरलं, अंगठा दाबून धरला. आणि लागली! नाडी लागली, चांगली जोरात, धावत होती.

“आहे! आहे गं, थांबू नकोस! जिवंत आहेत!”

दाबायला बायका आळीपाळीनं बदलत राहिल्या, पण मी मनगट सोडलं नाही. रुग्णवाहिकेतला माणूस पळत आला, तेव्हा मी हसत होते. “नाडी आहे बघा,” मी म्हटलं, “जरा जोरात चालते, पण ती त्यांची नेहमीचीच आहे.”

त्यानं वन्संच्या गळ्याला दोन बोटं लावली. यंत्र जोडलं, त्याकडे बघत राहिला. मग माझ्या हाताकडे बघितलं आणि खाली बसला.

“आजी, अंगठा काढा. अंगठ्यालाही नाडी असते. ही तुमची लागतेय तुम्हाला.”

मला कळलं तो काय म्हणाला ते. तरी मी अंगठा काढला नाही. काढला असता तर वन्सं गेल्या असत्या.