सोमवारची तारीख

नीला प्रधानने वकिलीची सगळी वर्षं एका सरकारी प्राधिकरणाशी भांडण्यात घालवली. वांद्र्याच्या त्यांच्या ऑफिसात तिचं नाव निघालं की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि बाईंना त्याचं कोण कौतुक! अधिकार नसताना यांनी कुणाची भिंत पाडली की ही कोर्टात हजर. वाचलेल्या घरांतून दिवाळीला तिच्या नाहूरच्या घरी फराळ यायचा.

घाटकोपरच्या टेकडीवरून जानकी घाडी आली ती एकटीच. नवरा सहदेव अंथरुणाला खिळलेला. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्याची फुप्फुसं कामातून गेली होती. त्यात खोली खाली करायची नोटीस. सुनावणी नाही, विचारपूस नाही.

"ह्यांचा काय ता आपल्याच घरात होवंदे, बाई," जानकी म्हणाली. "दुसरा काय नको."

"होईल. मी आहे ना," नीला म्हणाली.

शुक्रवारी अर्ज तयार झाला. संध्याकाळी नीलाने प्राधिकरणाच्या वकिलाला फोन लावला. "केयूर, घाडींच्या खोलीवर सोमवारी स्थगिती मागतेय रे. हजर राहा."

"हो मॅडम. साहेबांना कळवतो."

इतक्या तातडीच्या प्रकरणात समोरच्याला न सांगताही कोर्टापुढे जाता येतं, हे तिला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण तिचे सीनियर अण्णा शिकवून गेले होते, समोरच्याला अंधारात ठेवून स्थगिती मागायची नाही. ती शिस्त तिने जन्मभर पाळली होती आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

साहेबांनी शनिवारी सकाळीच पोलीस आणि घणवाले पाठवले. नीलाने धावपळ करून न्यायाधीशांचं घर गाठलं, स्थगितीही मिळवली, पण तोवर खोलीची माती झाली होती. सहदेवला शेजाऱ्यांनी अंथरुणासकट उचलून उन्हात ठेवलं होतं. रविवारी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तो गेला. खाट मिळाली नव्हती.

सोमवारी कोर्टाने प्राधिकरणाला सोलून काढलं. कारवाई बेकायदा, खोली स्वखर्चाने बांधून द्या. "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं," केयूर खाली मान घालून म्हणाला. बाररूममध्ये लोक नीलाचं अभिनंदन करत होते. तिला कान झाकून घ्यावेसे वाटले.

संध्याकाळी ती टेकडी चढून गेली. जानकी शेजारणीच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. नीलाने सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं.

जानकीने तिला रडू दिलं. मग रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाली, "तुमी त्यांका कळवल्यात, तसा आमकाय कळवूचा होता, बाई. मी ह्यांका त्याच राती गावच्या घराक घेवन गेलंय असतंय."