न उघडलेलं पातं

आपण नेमकं काय बनवतो हे अवधूतने सासूबाईंना कधी धड सांगितलं नव्हतं. "मशिनचे पार्ट," एवढंच. ते खोटं नव्हतं म्हणा. फक्त हा पार्ट बाणाच्या टोकाला बसायचा आणि तो बाण अमेरिकेतल्या हरणाच्या बरगडीत शिरायचा. ज्या घरात केकचं पाकीट उलटंपालटं करून आधी अंडं आहे का ते वाचतात, त्या घरात हे कुठल्या तोंडाने सांगणार? बायकोला, श्रद्धाला, माहीत होतं. तिने एकदा विचारलंही होतं, "तुला काहीच वाटत नाही का रे?" त्यावर हा म्हणाला होता, "अगं, आमच्याकडे हरीण कुठलं? जेलीचा ठोकळा असतो फक्त."

तेही खरंच होतं. ब्रिटनमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी. त्यामुळे केंब्रिजबाहेरच्या त्याच्या छोट्याशा डिझाइन कंपनीत सगळ्या चाचण्या मांसाइतक्या घट्ट जेलीवर व्हायच्या. उडताना टोकाची पाती मिटलेली राहायची, म्हणून बाण भरकटत नसे. लागताक्षणी ती फटकन उघडायची, जखम रुंद व्हायची आणि जनावर लवकर मरायचं. बाकीच्या कंपन्या पाती रबरी रिंगने धरून ठेवतात, आणि ती रिंग आपल्या मर्जीने सुटते किंवा तुटते. अवधूतने रिंगच काढून टाकली. पातं आणि खाच यांत केसाइतकी फट, आत एक बारीक स्प्रिंग, बस्स. दोन वर्षं तो त्या फटीच्या मागे होता. नोकरीत आजवर त्याने दुसऱ्यांच्या डिझाइनचे स्क्रू बदलले होते. हे पहिलंच डिझाइन अथपासून इतिपर्यंत त्याचं स्वतःचं होतं. आज अमेरिकेतल्या मोंटानाहून डार्लीन नावाची, शिकारीचं सामान विकणारी बाई ते बघायला येणार होती. ती हो म्हणाली की उत्पादन सुरू. नाही म्हणाली तर प्रोजेक्ट बंद, हे साहेबाने, म्हणजे कॉलिनने, स्वच्छ सांगितलं होतं.

डेमो गावाबाहेरच्या तिरंदाजीच्या हॉलमध्ये होता, तिथे घरूनच परस्पर जायचं म्हणून अवधूतने टोकांची पेटी आदल्या दिवशी घरी आणली होती. सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तर डायनिंग टेबलावर पूजा मांडलेली. श्रद्धाचा स्टेथोस्कोप, त्याचा मापं घ्यायचा व्हर्नियर, घरातला एकुलता एक स्क्रूड्रायव्हर आणि मधोमध ती उघडी पेटी. पहिल्या टोकाला ओल्या बोटाने हळदकुंकू लावलेलं.

"अहो अवधूतराव, आज खंडेनवमी," भारतातून राहायला आलेल्या सासूबाई खुशीत म्हणाल्या. "ज्याच्यावर आपलं पोट भरतं त्याची पूजा नको करायला?"

"आई, तू विचारायचंस तरी! डेमो आहे त्याचा आज," श्रद्धा म्हणाली.

"म्हणून तर केली!"

अवधूतला राग आला नाही. नागपूरला त्याचे बाबा कारखान्यातल्या लेथला याच दिवशी झेंडूचा हार घालायचे आणि त्या दिवशी कुणालाही मशिन चालू करू देत नसत. ते सारं त्याला आठवलं. त्याने नमस्कार केला, टिश्यूने टोक पुसलं आणि पेटी मिटून निघाला.

डार्लीन साठीची, सडसडीत, कमी बोलणारी बाई होती. स्वतःचं धनुष्य घेऊन आली होती. "आधी मी मारून बघते, मग तुम्ही बोला," ती म्हणाली. पेटीत सहा टोकं होती, सहाही सारखी. अवधूतने मुद्दाम कुंकवाचंच उचललं. इंजिनिअर झाला म्हणून काय झालं!

बाण सुटला, जेलीत घुसला आणि पलीकडून बाहेर पडला. पाती मिटलेलीच होती. जेलीत सुईने टोचावं तसं एक भोक, बाकी काही नाही.

कॉलिनचा चेहरा पडला. अवधूतने टोक भिंगाखाली धरलं. खाचेत वाळलेल्या कुंकवाची लाल रेघ होती. त्याच्या जिवात जीव आला. डिझाइन चुकलेलं नव्हतं! वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं: सॉरी, आमच्या घरी आज पूजा होती, त्याची पावडर अडकली, दुसरं लावतो. खरं, साधं, आणि वर थोडं हसायलाही येईल असं वाक्य.

ते त्याच्याने बोलवेना. कुंकू म्हणजे काय, तर भुकटी आणि पाणी. चिखल म्हणजे तरी दुसरं काय? दोन वर्षं त्याने प्रत्येक टोक धुतलेल्या हातांनी, झाकलेल्या पेटीतून काढून जेलीवर मारलं होतं. जंगलात बसणारा माणूस ते चिखलात टेकवेल, खिशात टाकेल, आणि अंगावर पाऊस घेत दिवसभर वाट बघेल. हे इतकं साधं त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आपल्या शिकलेपणाची त्याला मनापासून लाज वाटली.

"एक मिनिट हं," म्हणून तो कॉफीचा रिकामा कप घेऊन बाहेर पडला आणि कारपार्कच्या कडेच्या वाफ्यातली ओली माती उकरू लागला. कॉलिन मागोमाग धावला.

"काय चाललंय तुझं? त्याच्यात लाल काहीतरी अडकलंय, मी पाहिलं. तेवढं सांग आणि मोकळा हो!"

"आणि जंगलात, कॉलिन?"

"ते पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. अवधूत, प्लीज. दोन वर्षं घालवलीयस तू."

कॉलिन वाईट माणूस नव्हता. तो खरोखर काकुळतीला आला होता, आणि त्याचं ऐकावं असं अवधूतला इतकं वाटत होतं की तो क्षणभर मातीत बोटं घालून तसाच बसून राहिला. मग त्याने कप भरला.

उरलेल्या पाच टोकांना त्याने स्वतःच्या हाताने चिखल फासला आणि ती हीटरजवळ वाळत ठेवली. तोवर तिघांनी चहा घेतला. नंतर डार्लीनने एकामागून एक पाच बाण मारले. दोन टोकं उघडली. तीन उघडली नाहीत.

"हे मी विकणार नाही," ती म्हणाली.

"बरोबर आहे," अवधूत म्हणाला.

"पहिल्याच्या वेळी काहीतरी कारण सांगून मोकळा झाला असतास. मी मानलं असतं."

"माहीत आहे मला."

कॉलिन फोन कानाला लावून बाहेर गेला. प्रोजेक्ट संपला होता. आता सामान आवरायचं तेवढं उरलं होतं.

अवधूत जेलीच्या ठोकळ्याजवळ गेला. न उघडलेल्या टोकाने पाडलेल्या एका भोकात त्याने करंगळी घातली. ती जेमतेम गेली. इतक्याशा भोकातून रक्त फारसं वाहत नाही. मरण लवकर येत नाही. जनावर पळत राहिलं असतं, झाडीत शिरलं असतं, बाण पोटात घेऊन दिवसभर, कदाचित दुसऱ्या दिवशीही, कुठेतरी धापा टाकत पडून राहिलं असतं. दोन वर्षांत त्याने वेग मोजला, वजन मोजलं, कोन मोजले. हरीण त्याला आज दिसलं.

त्याचे डोळे वाहू लागले. डिझाइनसाठी की कशासाठी, त्याचं त्यालाही कळेना. डार्लीन शेजारी येऊन उभी राहिली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे बाळा, नुसती जेली आहे ती," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. पण करंगळी त्याला बाहेर काढवेना.