कपल कॉटेज आणि एकवीस नारळ

चूक माझ्या नवऱ्याची, उत्कर्षची होती, हे मी आधीच सांगून टाकते. सकाळी नाश्त्याच्या बेडई-पुरीचा घास तोंडात असताना माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, सहज विचारलं, "हे कॉटेज एक्झॅक्टली कुठे आहे रे?" आणि या शहाण्याने खरं उत्तर दिलं.

ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या भिंती इतक्या पातळ आहेत की आम्ही आमच्या खोलीत कुजबुजलो, तर बाबा बाहेरून उत्तर देतात. लग्नाला तीन वर्षं झाली, पण नवऱ्याशी एक अख्खं भांडणसुद्धा मला धड करता आलेलं नाही. मध्येच सासूबाई चहा घेऊन येतात. म्हणून कोकणातलं ते कॉटेज मी स्वतः शोधलं होतं. फक्त दोघांसाठी, खिडकीतून समुद्र, अंगणात दोघांचा झोका. जवळपास फिरायला दीपगृह, डॉल्फिन दाखवणारी होडी आणि एक जुना किल्ला. चार दिवस हवे होते मला, मागून कुणी हाक न मारणारे.

"म्हणजे आपल्या कुलदेवीपासून फक्त चाळीस किलोमीटर!" बाबा म्हणाले, आणि त्यांनी लगेच टोपी बाजारात राहणाऱ्या, नात्याने भाऊबंद पण सगळ्यांचेच मामा असलेल्या कान्होजीमामांना फोन लावला.

आमचे पूर्वज घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले, पण कुलदेवी काही आली नाही. ती तिकडेच राहिली. त्यामुळे आमच्यात दक्षिणेत जाणारा माणूस हा सगळ्यांचा माणूस असतो. ज्याची त्याची ओटी त्याने पोचवायची. संध्याकाळपर्यंत घरात खण, तांदूळ आणि एकवीस नारळ जमले.

"मामा, कोकणात नारळ घेऊन जायचे?" मी विचारलं.

"अगं, तिकडचे नारळ तर देवीचेच आहेत ना," मामा म्हणाले. "उसी का उसी को कसं द्यायचं? काही लाज?"

कप्पाळ माझं! मामांनी आमच्या चार दिवसांचा कार्यक्रमही लिहून आणला होता. पहिल्या दिवशी कुलदेवी. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ, तो डोंगरावर असतो. तिसऱ्या दिवशी मूळ गाव, तिथे आपल्या आडनावाचा कुणीही सापडला की त्याच्यासोबत फोटो. चौथा दिवस आराम, म्हणजे त्याच माणसाकडे जेवण.

"और समंदर?" उत्कर्षने हळूच विचारलं.

"वो तो रास्ते में दिखेगाच," मामा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. हातात नारळ होता तो मी तसाच उगारला. मामा दोन पावलं मागे सरकले. "मला चार दिवस माझ्या नवऱ्याशी बोलायचं आहे!" मी ओरडले. "देवीशी नाही, तिच्या भावाशी नाही, आडनावाशी नाही!"

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला, म्हणून मी आमच्या खोलीत निघून गेले.

मागोमाग सासूबाई आल्या, अर्थात चहा घेऊन. "मी गेले होते एकदा, लग्न झाल्या झाल्या," त्या म्हणाल्या. "चौदा माणसं होतो. देवळामागेच समुद्र होता. आवाज येत होता, सच्ची. पण माझे सासरे म्हणाले, गाडी छूट जाएगी. मग नाहीच बघितला."

चाळीस वर्षांत लीलाताई नावाच्या या बाईने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्यांची फार माया आली. पण मी काही संत नाही. त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरंही काहीतरी आलं.

मी बाहेर येऊन विचारलं, "मामा, ओटी पहिली कुणी भरायची असते? घरातल्या थोरल्या सवाशिणीने ना?"

"बिल्कुल," मामा म्हणाले. रीत विचारली की ते खूश होतात.

"मग आई-बाबाच जातील. बुकिंग त्यांच्या नावावर करते."

बाबा गडबडले. "पण ते तर कपल लोगांसाठी आहे."

"बाबा, तुम्ही दोघं कपलच आहात."

"अच्छा?" म्हणून बाबांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई चक्क लाजल्या.

ते दोघं एकवीस नारळ घेऊन गेले. उत्कर्षची रजा मंजूर झालेलीच होती. पहिल्या दिवशी आम्ही मनसोक्त भांडलो. अगदी शेवटपर्यंत, मध्ये चहा न येता. दुसऱ्या दिवशी मनसोक्त गप्पा मारल्या. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं आणि आम्ही कूलरसमोर चटईवर पडून होतो. कूलर पाणी उडवत होता. मी सुखात होते.

चौथ्या दिवशी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. डोळ्यांवर काळा गॉगल, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि झोक्यावर शेजारी बाबा.

"देवीला जाऊन आलात?" मी विचारलं.

"जायचंय गं. काल डॉल्फिन होते, आज दीपगृह." सासूबाई जोरात हसल्या. त्यांना एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मागे पायरीवर एकवीसच्या एकवीस नारळ तसेच रांगेत बसले होते.

"सुन ना," बाबा पुढे वाकून म्हणाले, "दोन दिवस और रुकतो आम्ही. देवी परवा, पक्का. मामाला मत सांगू."

फोन ठेवते न ठेवते तोच दारात मामा हजर. "काय, दर्शन झालं का?"

उत्कर्ष तोंड उघडणार होता. या वेळी मी त्याला बोलूच दिलं नाही.

"झालं ना, मामा. आत्ताच झालं."

मामांनी हात जोडले. "कशी दिसत होती गं?"

"खूप हसत होती," मी म्हणाले, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले.