गुलाबी रंगाखालची भिंत

महंमद हनीफ जुन्नरचा रंगारी. तीस वर्षांत त्यानं किती घरं रंगवली याचा हिशेब त्यालाही देता आला नसता, पण एक भिंत मात्र त्याच्या मनातून कधी गेली नाही. घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला लागून एक वस्ती आहे. तिथल्या रखमाजीच्या घरातल्या आतल्या खोलीची ती मागची भिंत.

तीन वर्षांपूर्वी रखमाजीच्या मुलाचं, गोरखचं लग्न होतं, तेव्हा हनीफ तिथं कामाला गेला होता. भिंत कमरेपर्यंत ओली होती आणि बुरशीनं काळी पडली होती. ती सुकायला दोन महिने तरी लागतील हे त्यानं पाहताक्षणी ओळखलं. पण हळद चार दिवसांवर आली होती. मग त्यानं भिंत वरवर घासली, पुट्टी ओढली आणि गुलाबी ऑइलपेंटचे दोन हात मारले. भिंत अशी चमकली की आल्यागेल्यानं कौतुक केलं. आत ओल तशीच आहे हे हनीफनं कुणाला सांगितलं नाही.

यंदा दिवाळी उरकली आणि रखमाजीचा फोन आला. गोरखचं लग्न ठरलंय, तीच खोली पुन्हा रंगवायचीय, म्हणाला. हनीफला नवल वाटलं. लग्न तर एकदा झालं होतं. पण फोनवर विचारायला त्याची जीभ रेटली नाही.

तो पोचला तेव्हा चिमाबाईनं, गोरखच्या आईनं, खोलीचं कुलूप काढलं. कुबट वासाचा भपकाराच अंगावर आला. भिंतीला टेकून लोखंडी कपाट उभं होतं. दोघांनी ते ओढलं. मागचा गुलाबी रंग फुगून त्याला फोड आले होते आणि त्यांच्या कडांनी काळी-हिरवी बुरशी वर चढत छताजवळ पोचली होती.

चिमाबाई पलंगावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. सून रोहिणी गेल्या भादव्यात वारली. माहेराहून येतानाच तिला थोडा दम्याचा त्रास होता, इथं आल्यावर तो वाढत गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, घरात ओल आहे का? त्यानंच झालं का, हे मात्र त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. एवढं सांगून चिमाबाई भात झोडायला खळ्यावर निघून गेली.

हनीफ घरात एकटाच उरला. त्यानं तोंडाला फडकं बांधलं आणि रंग खरवडायची पत्री भिंतीत घातली. त्याच्याच हातचा गुलाबी रंग सालपटासारखा सुटून पायाशी पडू लागला. खालचा गिलावा भिजलेल्या भाकरीसारखा झाला होता. पलंगाच्या उशाच्या उंचीला तर बुरशीचा जाड थर साठला होता. तिथं त्याचा हात थांबला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं. बारीक, कोरडा, दाबून धरल्यासारखा खोकला.

हनीफ तसाच बाहेर पडला आणि घराला वळसा घालून मागं गेला. तिथं शेळ्यांचा गोठा होता. एक म्हातारी शेळी मान खाली घालून ढासत होती. गोठ्याची जमीन खोलीच्या जमिनीपेक्षा हातभर उंच होती. पत्र्याच्या पन्हळीचं तोंड नेमकं भिंतीच्या बुडाशी उघडत होतं. शेळ्यांचं मूत आणि चार महिन्यांचं पावसाचं पाणी, सगळं त्या भिंतीच्या पोटात मुरत होतं. तीन वर्षांपूर्वी घराच्या मागं एक चक्कर मारली असती तरी हे दिसलं असतं.

तो परत आत येऊन खरवडू लागला. पुन्हा खोकला आला. शेळी त्यानं डोळ्यांनी पाहिली होती, तरी या खेपेला शेळीच आहे असं काही त्याचं मन म्हणेना. तो भिंतीकडं पाठ करून भुईवर बसून राहिला.

संध्याकाळी रखमाजी आला. त्याला घाई होती. हळद पुढच्याच आठवड्यात होती. मागच्यासारखंच चकाचक करून द्या, म्हणाला.

"अण्णा, मी रंग देणार न्हाई," हनीफ म्हणाला. "आदी मागं चर खणून गोठ्याचं पाणी तोडाया लागंल. मागच्या वक्ताला भिंत ओली हाय हे मला ठावं व्हतं. मी ती झाकली. त्या पोरीच्या उशाशी झाकली."

रखमाजी चिडला. लग्नघरात असलं अभद्र बोलू नका, दुसरा रंगारी मिळंल, म्हणून त्यानं मोबाइल काढला. चिमाबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"ती मला सांगायची," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्या, भिंत वास मारती, मला भाईर झोपू द्या. मला वाटलं कामाचा कंटाळा करती. काळं दिसाया लागलं, तवा ते कपाट मीच तितं सरकवलं."

मग रखमाजीनं मोबाइल खिशात टाकला आणि मागं चर किती खोल खणायचा ते विचारलं.

लग्न झालं ते भिंत उघडी ठेवूनच. नवी सून रत्ना पुढच्या खोलीत राहिली. गोरखनं गोठा हलवला, चर खणला, पन्हळ बदलली. शिमगा झाल्यावर हनीफ पुन्हा गेला, तेव्हा भिंत वाजवली तर खणखणत होती. त्यानं नवा गिलावा केला, तो वाळू दिला आणि मग चुन्यात मोरचूद कालवून हात मारायला लागला. द्राक्षवाले बुरशीसाठी वेलीवर मारतात तोच मोरचूद.

रत्ना दारात उभी राहून पाहत होती. तिनं सासूला विचारलं, "आत्या, ती कुठं झोपायची?"

हनीफचा कुंचला जागीच थांबला. चिमाबाईनं बोट करून जागा दाखवली.

"हितं. रोहिणी नाव व्हतं तिचं."

रत्ना आल्यापासून त्या घरात कुणी ते नाव घेतलं नव्हतं. रत्नानं त्या जागेकडं घटकाभर पाहिलं. मग तिनं हनीफला पलंगाची एक बाजू धरायला सांगितली आणि दोघांनी तो उचलून खिडकीखाली नेला. पलंग होता तिथं भुईवर बांगडीचा एक हिरवा तुकडा पडलेला होता. रत्नानं तो उचलून चिमाबाईच्या हातात दिला.